मंत्रशाळेबाहेरची मावशी

जे. के. रोलिंग ह्यांच्या 'हॅरी पॉटर' मालेतील दुसऱ्या कादंबरीत (१९९८) एक किरकोळ वाटणारा प्रसंग आहे. शाळेचा रखवालदार फिल्च अंगावरच्या चिखलाने फरशी घाण केल्याबद्दल हॅरीला आपल्या खोलीत ओढून नेतो. तेथे टेबलावर हॅरीला एक जांभळे पाकीट दिसते. ते टपालाने जादू शिकविणाऱ्या, नवशिक्यांसाठी आखलेल्या एका अभ्यासक्रमाचे आहे. आपले पाकीट ह्या मुलाने वाचले असावे हे ध्यानात येताच फिल्चची जी त्रेधा उडते, तिच्यामुळे हॅरीची शिक्षा टळते. पुढे यथावकाश खुलासा होतो. फिल्च 'स्क्विब' आहे. जादूगारांच्या कुळात जन्माला येऊनही त्याच्या अंगी जादू नाही. हा खुलासा करणाऱ्या रॉनला हसू आवरत नाही, आणि कादंबरीचा निवेदकही ते आवरावे असे सुचवीत नाही.

शाळेत आयुष्य घालविलेला, वर्गाबाहेरची फरशी पुसणारा आणि आत काय शिकवितात ते रात्री चोरून टपालाने शिकू पाहणारा हा प्रौढ मनुष्य. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी सकाळी आठवड्याची पाळी संपवून येणारे विद्यार्थी ज्याने पाहिले आहेत, त्या वाचकाला ह्या ठिकाणी हसू येणे अवघड आहे. फिल्च दुष्ट आहे, मुलांना छळतो, हे खरे. पण कादंबरीला त्याचा दुष्टपणा हास्यास्पद वाटत नाही. हास्यास्पद वाटते ती त्याची शिकण्याची इच्छा. जादूच्या शाळेविषयीच्या बालकादंबऱ्यांचा विचार ह्या हसण्यापासून सुरू करणे उचित ठरेल. ह्या साहित्यप्रकाराच्या मुळाशी असलेली अडचण तेथे उघडी पडलेली आहे. शक्ती जर जन्मजात असेल तर शाळा नेमके काय करते? आणि शाळा जर खरोखरच काही शिकवीत असेल, तर शिकू इच्छिणाऱ्या फिल्चला दार बंद का?

हा प्रश्न आपल्याकडील साहित्यविचाराला अपरिचित नाही. काव्यहेतूंच्या चर्चेत तो निराळ्या संदर्भात शतकानुशतके मांडला गेला आहे. दंडीने नैसर्गिक प्रतिभा, विपुल श्रुत आणि अखंड अभियोग ह्या तिघांना काव्यसंपदेचे कारण मानले. परंतु लगेच पुढे, पूर्वजन्मीच्या वासनेतून येणारी प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि यत्नाने उपासिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असेही सांगून ठेवले. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ह्या तिन्हींचा मिळून एकच हेतू मानला. हेतू अनेक नव्हेत, असा खुलासाही वृत्तीत केला. मात्र शक्ती हे कवित्वाचे बीज आहे, तिच्यावाचून काव्य प्रसवत नाही आणि प्रसवलेच तर ते उपहसनीय होते, असे त्याचे म्हणणे. 'उपहसनीय' हा शब्द फिल्चच्या पाकिटावर नेमका बसतो. रोलिंग ह्यांची कादंबरी मम्मटाच्या बाजूची आहे आणि बिचारा फिल्च दंडीच्या भरवशावर फी भरून बसला आहे, असे म्हणता येईल. अर्थात मम्मट काव्याविषयी बोलत होता, प्रवेशाविषयी नव्हे. प्रतिभेचा सिद्धान्त हा निर्मितीचे स्वरूप उलगडण्यासाठी असतो. तोच जेव्हा शाळेच्या दारावर उभा केला जातो, तेव्हा त्याचे रूपांतर अधिकारभेदाच्या सिद्धान्तात होते. ह्या रूपांतराचा इतिहास भारतीय वाचकाला वेगळा सांगावयास नको.

पण ह्या कादंबऱ्यांची भूमी इंग्लंडची आहे आणि त्यांचा विचार आधी त्या भूमीवरच व्हावयास हवा. टॉमस ह्यूझ ह्यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (१८५७) ह्या रग्बी शाळेवरील कादंबरीपासून इंग्रजी निवासी शाळेच्या कथेचा साचा स्थिर झाला. नवखा मुलगा, जिवलग मित्र, छळणारा मोठा विद्यार्थी, खेळाचे मैदान आणि सर्वांच्या वर असलेले वत्सल मुख्याध्यापक असा तो साचा होय. एनिड ब्लायटन ह्यांच्या मॅलरी टॉवर्स मालेपर्यंत (१९४६-५१) तो मुलींच्या शाळांतही पोचला होता. हॉगवर्ट्‌समध्ये तो जसाच्या तसा आहे, हे अनेकांनी दाखविले आहे आणि त्यावर येथे थांबण्याचे कारण नाही. थांबावयास हवे ते अकरा ह्या वयापाशी. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांची विभागणी करण्याची पद्धत रूढ झाली. निवडक मुले ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची अन्यत्र. ही परीक्षा जन्मजात बुद्धी मोजते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. मायकेल यंग ह्यांनी १९५८ मध्ये 'द राइझ ऑफ द मेरिटॉक्रसी' हे उपरोधपर पुस्तक लिहिले ते ह्या गुणवत्ताशाहीचे भविष्य रंगविण्यासाठी. १९६५ च्या सरकारी परिपत्रकानंतर ही विभागणी बऱ्याच भागांतून मागे पडू लागली. खाजगी शाळांत होतकरू मुलांना सरकारी खर्चाने जागा देणारी १९८० ची योजना बंद करण्याचा कायदा १९९७ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये हॅरीला अकराव्या वाढदिवशी पत्र मिळाले. ह्या योगायोगाला कार्यकारणभाव समजण्याची चूक करू नये. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळा अकराव्या वर्षीच सुरू होते, एवढे साधे स्पष्टीकरणही पुरेसे आहे. तरीही परीक्षेवाचून होणाऱ्या निवडीचे, आपोआप येणाऱ्या पत्राचे स्वप्न कोणत्या समाजाला पडले, हे विसरता येत नाही. पिएर बोर्द्यू आणि झाँ-क्लोद पास्रों ह्यांनी 'वारसदार' (१९६४) ह्या ग्रंथात फ्रान्समधील विद्यापीठांविषयी दाखवून दिले होते की, शाळा ज्याला नैसर्गिक देणगी म्हणून गौरविते ते पुष्कळदा घरातून मिळालेले सांस्कृतिक भांडवल असते. देणगीच्या भाषेमुळे वारसा हा वारसा म्हणून दिसेनासा होतो. रोलिंग ह्यांच्या जगात तर ही भाषा रूपकही उरत नाही. हॅरीचे नाव जन्मापासून शाळेच्या यादीत आहे, असे हॅग्रिड पहिल्याच पुस्तकात सांगून टाकतो.

येथे एक आक्षेप येईल. जादू हे केवळ बालपणीच्या सुप्त सामर्थ्याचे प्रतीक आहे. त्याचा इतका शब्दशः अर्थ लावणे म्हणजे अद्‌भुतिकेवर अन्याय करणे होय. ह्या आक्षेपाला त्स्वेतान तोदोरोव्ह ह्यांनी अद्‌भुताविषयीच्या आपल्या ग्रंथात (१९७०) आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. घटनेला घटना म्हणून न स्वीकारता तिचे रूपक करताक्षणी अद्‌भुत विरून जाते. ज्या कादंबरीत पत्र येते, तिच्यात ते खरोखरच येते, आणि म्हणून ज्यांना ते येत नाही त्यांनाही ते खरोखरच येत नाही.

ज्यांना येत नाही त्यांच्यांत पेट्युनिया ही सर्वांत महत्त्वाची. सहा पुस्तके ती एक व्यंगचित्र आहे. कोती, शेजाऱ्यांना भिणारी, बहिणीच्या मुलाला जिन्याखालच्या कपाटात झोपविणारी. सातव्या पुस्तकात (२००७) स्नेपच्या आठवणींतून एक तपशील ओझरता पुढे येतो. लिलीला शाळेचे बोलावणे आल्यावर तिच्या ह्या थोरल्या बहिणीने डम्बलडोर ह्यांना पत्र लिहिले होते, मलाही घ्या म्हणून. नकार सौम्य शब्दांत आला. तो लिली आणि स्नेप ह्यांनी तिच्या खोलीत शिरून वाचला. सामान्य टपालाने टाकलेले पत्र हॉगवर्ट्‌सला पोचलेच कसे, ह्याचे त्या मुलांना नवल वाटते. टपालखात्यात छुपे जादूगार असावेत, असा तर्क स्नेप करतो. मालेत टपालाच्या दोन व्यवस्था आहेत. घुबडे पत्ता नसतानाही माणसाला शोधून काढतात, अगदी समुद्रातल्या खडकावरही. तिकीट लावलेली पत्रे मात्र फिल्च आणि पेट्युनिया ह्यांच्या वाट्याची.

पेट्युनियाच्या पत्राचा मजकूर कादंबरी देत नाही. उत्तर सौम्य होते एवढेच कळते. हे मौन सहेतुक असेल तर ते थोर म्हणावे लागेल. पण तसे मानण्यास कथनात आधार सापडत नाही, कारण हा तपशील स्नेपच्या प्रेमकथेच्या ओघात येतो आणि तिच्यातच बुडून जातो. सगळी माला पुन्हा वाचताना मात्र तो पहिल्या पुस्तकापर्यंत मागे झिरपत जातो. वादळी रात्री त्या खडकावरील झोपडीत पेट्युनिया उसळून बोलते. आई-बापांना घरात जादूगारीण निपजल्याचा केवढा अभिमान होता, असे ती म्हणते. तेव्हा जे मत्सराचे वाटले ते आता नाकारल्या गेलेल्या अर्जाचे वाटू लागते. इंग्रजीत ती हॅरीची 'आंट' आहे; त्या शब्दाला आत्या, काकू, मामी सगळ्याच सारख्या. मराठीत ती मावशी आहे, आणि माय मरो पण मावशी जगो ह्या म्हणीच्या भाषेत ही कथा वाचताना तिचा कडवटपणा अधिकच जाणवतो. माय मेली आणि मावशी जगली, पण जी जगली तिला शाळेने घेतले नव्हते.

ह्या मालेची उदारमतवादी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. शुद्ध रक्ताचा अभिमान हा तिच्यात दुष्टांचा विचार आहे. हर्मायनी दंतवैद्यांच्या घरची, म्हणजे जादूगारांच्या भाषेत मगलांच्या घरची, आणि वर्गात सर्वांत हुशार. क्षमतेपेक्षा निवड महत्त्वाची, असा उपदेश डम्बलडोर करतात. परंतु ह्या उदारमताची कसोटी शेवटच्या पुस्तकात लागते. नवी राजवट मगलांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांची नोंदणी सुरू करते. जादू केवळ रक्तातूनच संक्रमित होते, सबब ह्या लोकांनी ती कोणाकडून तरी चोरली असली पाहिजे, असा तिचा सिद्धान्त. चौकशीत अम्ब्रिज मेरी कॅटरमोल ह्या स्त्रीला विचारते की, ही कांडी कोणाची हिसकावलीस? मेरीचे उत्तर असे की, आपण ती अकराव्या वर्षी विकत घेतली, कांडीनेच आपली निवड केली. वाचकाची सहानुभूती अर्थातच मेरीकडे जाते, आणि जावयासही हवी. मात्र आरोप आणि बचाव ह्यांचे गृहीतक एकच आहे, हे नजरेतून सुटू नये. जादू शिकून मिळवता येत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. अम्ब्रिज म्हणते ती वंशाने येते, मेरी म्हणते ती निवडीने येते; अंगी जादू नसलेल्या माणसाने ती शिकून मिळवली, तर त्यात बिघडले काय, असे चौकशीच्या त्या तळघरात कोणालाच विचारता येत नाही. रक्ताच्या जागी देणगी आली की अन्याय संपला, असे ही कादंबरी मानते. बरे, ज्यांच्यापाशी देणगी आहे त्यांनाही ती सारखी पुरत नाही. घरात राबणारे एल्फ चुटकीसरशी जे करतात ते भल्याभल्या जादूगारांना जमत नाही. पण मनुष्येतरांना कांडी बाळगण्याची कायद्याने बंदी आहे. तेव्हा प्रश्न देणगीचाही नसून परवान्याचा आहे, ही कबुली मालेत चौथ्या पुस्तकापासून (२०००) पडलेली आहे. हर्मायनीच्या एल्फमुक्तीच्या चळवळीला जो विनोदी सूर लाभला त्याचेही मूळ येथेच असावे.

ह्या परंपरेत रोलिंग पहिल्या नव्हेत, हे आता सर्वश्रुत आहे. जिल मर्फी ह्यांच्या 'द वर्स्ट विच' (१९७४) मधील मिल्ड्रेड हबल ही सगळ्या वर्गात शेवटची. तिच्या धांदरटपणावर कथा हसते, पण शिकण्याच्या तिच्या हक्कावर नव्हे, आणि हे अंतर लहान नाही. जेन योलन ह्यांच्या 'विझर्ड्‌स हॉल' (१९९१) मधील मुलाच्या अंगी स्वतःची अशी जादू जवळजवळ नाहीच. तो प्रयत्न करतो म्हणून इतरांची जादू वाढते. कल्पना सुंदर आहे, कादंबरी तिच्या मानाने बेताची. न्नेडी ओकोराफोर ह्यांच्या 'अकाता विच'मध्ये (२०११) नायजेरियातील मुलांनी काही नवे ज्ञान मिळविले की आकाशातून धातूचे तुकडे पडतात आणि तेच त्या समाजाचे चलन असते. देणगी तेथेही जन्मजातच आहे; पण जगाने ज्याला शरीराचे व्यंग म्हटले तेथेच ती वास करते, आणि मोल मात्र शिकण्याला आहे.

डायना विन जोन्स ह्यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांच्या 'चार्म्ड लाइफ'मध्ये (१९७७) एक बहीण आपल्या धाकट्या भावाची जादू त्याच्या नकळत वापरून स्वतः हुशार ठरत राहते. चोरलेली जादू ही तेथे अफवा नसून घरातला रोजचा व्यवहार आहे. 'विच वीक'मध्ये (१९८२) त्यांनी साचाच उलटा केला. जादूटोण्याबद्दल अजूनही जाळून मारले जाते अशा एका आधुनिक इंग्लंडमध्ये लारवुड हाउस नावाची निवासी शाळा आहे. जाळल्या गेलेल्यांची पोरकी मुले तेथे ठेवली जातात. भूगोलाच्या वह्या तपासताना शिक्षकांना एक चिठ्ठी सापडते की, वर्गातील कोणीतरी चेटूक करणारे आहे. तेथून संशय, कुजबुज आणि भीती ह्यांचा फेरा सुरू होतो. ह्या शाळेत प्रत्येकाने रोजनिशी लिहावी असा नियम आहे. ती कोणी वाचत नाही असे सांगितले जाते आणि ती वाचली जाते हे प्रत्येकाला ठाऊक असते. चार्ल्स मॉर्गन आपल्या रोजनिशीसाठी सांकेतिक शब्द शोधून काढतो. नॅन पिल्ग्रिमची लेखणी मात्र तिला आवरत नाही. देणगी येथे प्रवेशपत्र नसून गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि शाळा ती फुलविण्यासाठी नसून हुडकण्यासाठी आहे. ज्यांनी नापास होण्याची भीती, वर्गातील चिठ्ठ्या, मुख्याध्यापिकेच्या टेबलावर घशाखाली न उतरणारा घास हे सारे अनुभवले आहे, त्यांना हॉगवर्ट्‌सपेक्षा लारवुड हाउस अधिक ओळखीचे वाटेल.

कादंबरीचे रहस्य असे की चेटूक करणारा एक शोधता शोधता दुसरा, तिसरा असे करीत जवळजवळ सगळा वर्गच तसा निघतो. आणि वर्गच काय, त्या जगातील बहुतेक माणसे तशी आहेत, असे निष्पन्न होते. जाळणारेही. जोन्स ह्यांनी देणगी सर्वांना वाटून टाकली आणि त्या एका फटक्यात निवडीचा पायाच काढून घेतला. त्या जगाचे आणि आपल्या जगाचे १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटापाशी दोन फाटे फुटले होते. शेवटी ते पुन्हा जोडले जातात आणि मुलांची जादू नाहीशी होते. ह्या शेवटाविषयी मतभेद होऊ शकतो. इतक्या जिवंत मुलांची शक्ती काढून घेऊन त्यांना वाचविणे हा एक प्रकारचा दंडच आहे, आणि लेखिकेने तो फार लवकर उरकला आहे. तरी नॅनपाशी एक गोष्ट उरते. जे दिसले ते वर्णन करून सांगण्याची तिची असोशी नव्या जगातही तशीच राहते. मम्मटाला ती शक्ती वाटली असती, दंडीला अभियोग. नॅन स्वतः त्याचा विचार करीत बसत नाही.

आता उर्सुला ल ग्विन. ह्या साऱ्या शाळांची थोरली बहीण म्हणजे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मधील रोक बेटावरील शाळा. कथा, कादंबरी आणि पुन्हा कथा असा प्रवास करीत ल ग्विन तेहतीस वर्षे ह्या एका शाळेशी भांडत राहिल्या. बालसाहित्यात एखाद्या लेखकाने स्वतःच्या निर्मितीची इतकी दीर्घ आणि इतकी निर्दय चिकित्सा केल्याची उदाहरणे थोडी. गेड हा गाँट बेटावरील कांस्यकाराचा मुलगा, शेळ्या राखणारा, आईवेगळा. तो रोकच्या दाराशी येतो. दार साधे आहे, उघडे आहे, पण त्याला आत पाऊल टाकता येत नाही. त्याने येत असलेले सगळे मंत्र निष्फळ होतात. द्वारपालाला आपले खरे नाव सांगितल्यावरच तो आत जातो. अर्थसीच्या जगात खरे नाव दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे जीव त्याच्या हाती देणे. म्हणजे ही परीक्षा नव्हे, विश्वासाचा करार आहे. शिक्षण संपवून बाहेर पडताना उलट त्याने द्वारपालाचे नाव सांगावयाचे असते. सगळ्या विद्येने ते हाती लागणार नाही हे कळल्यावर गेड सरळ द्वारपालालाच त्याचे नाव विचारतो, आणि सुटतो. विद्येच्या अखेरीस विचारणे उरते, ही कल्पना शिक्षणाविषयीच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

आत काय शिकवितात? मुख्यतः नावे. एकाकी मनोऱ्यात नामाचार्य जी यादी देतो ती मध्यरात्रीपूर्वी मुखोद्गत करावयाची असते, कारण मध्यरात्री शाई पुसली जाते. खड्याचा हिरा केल्याचा भास निर्माण करणे सोपे. तो खरोखरच हिरा करावयाचा तर त्याचे नाव बदलावे लागेल, आणि एक कण बदलला तरी जगाचा तोल हलेल, असे हस्तकौशल्याचे आचार्य बजावतात. ताओवादाशी ल ग्विन ह्यांचे असलेले नाते येथे स्पष्ट आहे. शाळा देणगीला वाढवीत नाही, तिला आवर घालते. गेडची देणगी मोठी आहे म्हणूनच तो शाळेतील सर्वांत धोकादायक विद्यार्थी ठरतो. जॅस्परच्या टोमण्यांनी डिवचला जाऊन तो मृतात्म्याला बोलावतो, त्यातून एक काळी छाया जगात शिरते, आणि ती फट बुजविताना महाचार्य प्राणास मुकतात. देणगीचा इतका भयभीत विचार हॉगवर्ट्‌समध्ये नाही. काव्यहेतूंच्या भाषेत बोलावयाचे तर येथे अभ्यास हा शक्तीचा पूरक नसून तिचा लगाम आहे.

परंतु गेडची पहिली गुरू रोकवर नव्हती. ती गावातली चेटकीण होती, त्याच्या मृत आईची बहीण, म्हणजे पुन्हा मावशीच. शेळ्यांना बोलावण्याचा तिचा मंत्र ह्या पोराने एकदा ऐकून म्हटला आणि शेळ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. तेव्हा ह्याच्या अंगी काही आहे, हे प्रथम तिने ओळखले. औषधी, वारा, ससाण्याला हाक मारण्याचे शब्द, जे काही तिला येत होते ते तिने त्याला दिले. कादंबरी तिला नावही देत नाही. उलट स्त्रियांची जादू दुबळी आणि स्त्रियांची जादू दुष्ट, अशा अर्थाच्या गाँट बेटावरील दोन म्हणी उद्धृत करून निवेदक पुढे सरकतो. त्या म्हणींना तो आक्षेप घेत नाही. रोकमध्ये मुली नाहीत, ह्याचेही स्पष्टीकरण देण्याची गरज १९६८ च्या संहितेला वाटलेली नाही. लेखिका स्त्री असूनही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मुलांच्या साहसकथेचा साचा लेखकाच्या हातून स्वतःला कसा लिहवून घेतो, ह्याचे हे उदाहरण मानणे अधिक योग्य.

'तेहानू'मध्ये (१९९०) ल ग्विन परतल्या त्या मावशीच्या झोपडीच्या बाजूने. गेडची शक्ती संपली आहे, तो पुन्हा शेळ्या राखतो आहे. कथा तेनार ह्या मध्यमवयीन विधवेची आणि भाजून काढलेल्या एका मुलीची आहे. मरणासन्न ओगियन तेनारला सांगतो की ह्या मुलीला सगळे शिकव, पण रोकवर नव्हे. तेथले लोक भितात. मालेतील सर्वांत आदरणीय गुरूने शाळेवर दिलेला हा निवाडा आहे. ज्यांना पहिल्या तीन पुस्तकांतील साहस हवे होते ते वाचक 'तेहानू'ने नाराज झाले, आणि त्यांची नाराजी अगदीच निराधार नव्हती. स्वयंपाकघर, कोंबड्या, शेजारपाजार ह्यांत कथा मधूनमधून रेंगाळते. तरी ते रेंगाळणे हाच तिचा युक्तिवाद आहे.

'टेल्स फ्रॉम अर्थसी' (२००१) ह्या संग्रहातील 'ड्रॅगनफ्लाय' ही कथा पुन्हा रोकच्या त्याच दाराशी येते. इरियन ही पुरुषवेष घेऊन आलेली तरुणी आहे. तिला आणणारा तरुण हा शाळेतून हाकलला गेलेला विद्यार्थी. शाळेची फजिती करणे हा त्याचा हेतू. द्वारपाल तिला नाव विचारतो, ती सांगते, आणि तो तिला आत घेतो. नऊ आचार्यांत फूट पडते. नियम मोडल्याचा संताप असणाऱ्यांचा पुढारी थोरियन हा मृत्यूच्या प्रदेशातून परतलेला आहे. टेकडीवर इरियन समोर उभी ठाकली की त्याचा सांगाडा होऊन पडतो आणि ती ड्रॅगन होऊन उडून जाते. ती विद्यार्थिनी होत नाही. तिला दिलेले नाव अपुरे होते, आणि उरलेले नाव देण्याचे सामर्थ्य शाळेत नव्हते. काही समीक्षकांना हा शेवट पलायनवादी वाटू शकेल. स्त्रीला प्रवेश देण्याचा प्रश्न तिला मनुष्यत्वाच्याच पलीकडे नेऊन सोडविला, असे म्हणता येईल, आणि ह्या आक्षेपात तथ्य आहे. ज्या मुलीच्या अंगी ड्रॅगन नाही, तिने काय करावे? मात्र कथा ड्रॅगनबरोबर उडून संपत नाही. खाली उरलेल्या आचार्यांना आता पुढे काय हा प्रश्न पडतो, तेव्हा घराकडे जाऊन दारे उघडावीत, असे द्वारपाल सुचवितो.

ह्याच संग्रहातील 'द फाइंडर' ही कथा त्या दारांच्याही मागे, कित्येक शतके मागे जाते. लुटारूंच्या आणि गुलामीच्या काळात ज्ञान लपवून ठेवणाऱ्या, बहुतांशी स्त्रियांच्या, एका गुप्त संघटनेचे ती वर्णन करते. रोक बेटावर हल्ला होऊन पुरुष मारले गेल्यानंतर तेथे उरलेल्या गावंढळ, औषधी जाणणाऱ्या, मंत्र पुटपुटणाऱ्या बायका आणि बाहेरून आलेला एक पळालेला गुलाम ह्यांनी मिळून ती शाळा उभारली. शिकू इच्छिणाऱ्याला जे ठाऊक असेल ते द्यावे, एवढाच त्यांचा मूळ संकल्प होता. स्त्रियांना बंदी करणारा नियम पुढे कधीतरी आला. गेडबरोबर १९६८ मध्ये रोकला गेलेल्या वाचकाने गावात जी बिननावाची मावशी मागे सोडली होती, तिच्यासारख्याच बायकांनी ती शाळा बांधली होती, हे त्याला २००१ मध्ये कळते. पहिल्या पुस्तकातील त्या दोन म्हणी ल ग्विन ह्यांनी नंतर काढून टाकल्या नाहीत. त्या अजूनही त्याच जागी, मावशीच्या प्रकरणात, छापल्या जातात.